नाकाडीचं आवतन

जुनी गाडी विकत घ्यायला गेलो की मी आधी तिचं इंजिन ऐकत नाही. विकणाऱ्याच्या ओसरीवर बसतो, पाणी मागतो आणि ते पाणी कसं येतं ते पाहतो. भांडं घासलेलं असेल, तळाशी गाळ नसेल, तर त्या घरातल्या गाडीचं ऑइलही वेळेवर बदललेलं असतं, हा माझा अनुभव; आणि शाळा अर्ध्यात सुटल्यामुळे अनुभवावाचून दुसरं शिक्षण माझ्यापाशी नाही. अचलपूरला महादेवरावांच्या घरी पाणी पितळेच्या गडव्यात आलं. गडवा असा लखलखीत, की त्यात मला माझी टोपी दिसली. अंगणातल्या निंबाखाली उभी असलेली ती लांब नाकाची, गोल दिव्यांची, बहुधा माझ्याच वयाची ट्रक मी तिथल्या तिथे मनाने घेऊन टाकली.

"विकता कावून?" मी विचारलं.

"हात थकले. स्टेरिंग वयत नाही आता," महादेवराव म्हणाले. मग उठून तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "कामाले लावजा तिले. उभी नोका ठेवू. अन् पोळ्याले तेवढं..."

"पोळा बैलायचा असते, महादेवराव," मी हसत म्हणालो. माणसाला हसवून सौदा संपवायची मला सवय आहे. तेही हसले, पण वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि मीही ते पुरं करून घेतलं नाही.

नांदगाव खंडेश्वरला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. घर आणि शेत मात्र जवळच्या गावात. ट्रक घेतली तेव्हा लोक म्हणाले, खुशालराव, भंगार कावून आणलं, एखादी नवी पिकअप घ्यायची. मी म्हणे, नवी गाडी बिघडली की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो आणि गाडीकडे न पाहता लॅपटॉपकडेच पाहतो. आमच्या गाडीचं तसं नव्हतं. गावाने तिचं नाव नाकाडी ठेवलं होतं. नाकाडी रुसली की बॉनेटचे दोन्ही पाखे उचलायचे, डिझेलच्या नळीतली हवा काढायची, पंपाला चार हात मारायचे की ती खोकत खोकत सुरू व्हायची. रोज सकाळी रेडिएटरला पाणी, ऑइलच्या काडीवर नजर, रविवारी सगळ्या सांध्यांना ग्रीस. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर ती अशी ओरडे की शेजारच्या शेतातल्या बाया कंबर सरळ करून पाहत. पासिंगला नेली तेव्हा तिथले साहेब म्हणाले, ही अजून जिवंत आहे का? मी म्हणालो, साहेब, तुम्ही रिटायर व्हाल, ही नाही होणार. साहेब हसले आणि गाडी पास झाली.

तिच्यात काय नव्हतं गेलं? शेणखत, ठिबकच्या नळ्या, पाण्याच्या टाक्या, संत्र्याचे कॅरेट, कापूस वेचणाऱ्या बाया. गजेंद्र तिचा ड्रायव्हर, तिशीतला, अबोल, स्वतःच्या गमछ्याने तिची काच पुसणारा. आमच्याच नव्हे, गावातल्या छोट्या शेतकऱ्यांचाही माल ती मिलपर्यंत न्यायची, आणि तो माल निघण्याआधी माझ्या अंगणातल्या काट्यावर तोलला जायचा. खुशालरावच्या काट्यावर तोललं म्हणजे पुन्हा तोलायची गरज नाही, असं लोक बोलत. माझी सगळी कमाई म्हणजे हेच एक वाक्य. दुसरं वाक्य माझ्या बायकोचं, सुभद्राचं. आमच्या पंगतीला बसलेल्या प्रत्येकाला, मग तो कंपनीचा मॅनेजर असो की हमाल, ती तूप वाढून झाल्यावर म्हणायची, "सावकाश होऊ द्या." आणि पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत आमच्या घरात कोणी उठत नसे.

त्या उन्हाळ्यात मी बैलजोडी विकली. नाकाडी असताना वैरण-पाण्याचा तो पसारा मला परवडेना, आणि खरं सांगायचं तर दावणीची ती जागा मला गोदामाला हवी होती. मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जुवाने घट्टे पडलेली मान कोमट पाण्याने धुवायची, पळसाच्या पानाने हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर राबलेल्याला असं रीतसर जेवायला बोलवायचं आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणाच्याही आधी त्याला पुरणपोळी चारायची. सगळ्या गल्लीत ते चाललं होतं. आमची दावण तेवढी मोकळी. शेजारचा भगवंत आपल्या बैलाला तूप चोळता चोळता ओरडला, "खुशालभाऊ, तुमी कोनाचे खांदे शेकता यंदा? गजेंद्रचे?"

लोक हसले. मला हशा अर्धवट सोडवत नाही. मी भगवंतच्याच वाटीतलं हळद-तूप बोटांवर घेतलं, नुकत्याच शेतातून आलेल्या नाकाडीच्या गरम बॉनेटवर दोन्ही बाजूंनी चोळलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिच्या दिव्याशी वाकून म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

भगवंतच्या हातातलं पळसाचं पान गळून पडेपर्यंत तो हसला. गजेंद्र मात्र गाडीची चावी हातात घेऊन तसाच उभा होता.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "बोलून देल्लं का तुमी?"

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बियाणं कंपनीचे किशोर साहेब जेवायला येणार होते. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं घर. तालुक्याची एजन्सी कोणाला द्यायची हे त्यांच्या हातात होतं. सकाळी त्यांचा फोन आला, निघालो म्हणून, आणि अंगणात शिरणाऱ्या माणसाच्या नजरेने मी माझं घर एकदा पाहिलं. अगदी समोर नाकाडी. हौद्याची गंजलेली पत्र्याची फळी, बॉनेटवर काळवंडलेल्या हळदीचे ओघळ. मी गजेंद्रला ती गोठ्यामागे लावायला सांगितली आणि वरून ताडपत्री ओढून घेतली. आदल्या संध्याकाळची गंमत तोवर माझ्या डोक्यातून गेली होती.

साहेब आले, घर पाहिलं, मागे हात धुवायला गेले. "हे काय झाकून ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

"भंगार आहे साहेब," मी म्हणालो. "न्यायला येणार आहेत."

गजेंद्र नळाशी बादली भरत होता. त्याने नळ बंद केला. त्या अचानक शांततेत ताडपत्रीखालून तापलेलं इंजिन गार होताना येतो तसा बारीक टिकटिक आवाज आला. गाडी गोठ्यामागे नेऊन कितीतरी वेळ झाला होता, आणि नेताना ती सुरूही केली नव्हती. गजेंद्र आणि आमच्या गड्याने ढकलतच नेली होती. मी साहेबांना घरात घेऊन आलो. पंगत मांडलेली होती. सुभद्रा दाराशी उभी राहून पाटांकडे पाहत होती.

"काहो," ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आनखी कोनी यायचं हाय का? एक पाट माह्या हातून जास्त कसा पडला?"

मी तो पाट उचलून भिंतीला लावला.

दसऱ्यानंतर सोयाबीन निघालं. मिलच्या काट्यावर आधी भरलेली गाडी चढते, मग माल उतरवून रिकामी. दोन्हींतला फरक तो माल. आमची भरलेली गाडी माझ्या हिशोबाला बरोबर उतरली. रिकामी मात्र जास्त भरली, एखादं पोतं आत विसरावं इतकी. काटेवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "शेठ, गाडी खाली केली ना नक्की?"

मी स्वतः फळीवर चढलो. आत चार दाणे आणि एक सुतळी. "काटा तपासून घ्या," मी रुबाबात म्हणालो. काटा नुकताच तपासलेला होता.

मग ते प्रत्येक खेपेला होऊ लागलं. पोत्यांची शिवण जशीच्या तशी असे, पण उतरवताना हमालांना ती सैल लागत. भरताना गच्च असलेलं पोतं उतरताना बोटाने दबे. आणि जेवढं पोत्यांतून कमी होई तेवढंच रिकाम्या गाडीत वाढे. व्यापाऱ्याच्या डोक्यात अशा वेळी जे पहिलं येतं तेच माझ्याही डोक्यात आलं. मी गजेंद्रला न सांगता त्याच्या खेपेला जाऊन बसलो. बडनेऱ्याला तो चहाला उतरला तेव्हा मी खाली उतरून सीटखाली पाहिलं, टूलबॉक्स उघडला, अगदी स्टेपनीत हात घातला. वर पाहिलं तर तो दोन कप घेऊन समोर उभा.

"भाऊ," त्याने एक कप माझ्या हातात दिला, "मलेबी चढवा काट्यावर. पोटात असन तं दिसन."

त्याने नोकरी सोडली नाही. सकाळी येई, पाणी भरे, ग्रीस मारी, गाडी चालवी. पण त्या दिवसापासून त्याने आमच्या घरचा चहा घेतला नाही. सुभद्रा कप घेऊन अंगणात आली की तो म्हणे, "आताच झाला, वहिनी." घोटभर पाणीसुद्धा तो घरून बाटलीत घेऊन येऊ लागला. सुभद्रा कप मोरीत ओतून आली, आणि मी पेपर वर धरून बसलो.

थंडीच्या दिवसांत गजेंद्रनेच दाखवलं की नाकाडी रिकामी असतानासुद्धा बसलेली दिसते. चाकांवरच्या लोखंडी कमानी माल भरल्यासारख्या सपाट झाल्या होत्या. म्हाताऱ्या गाडीच्या कमानी दमतातच, त्यात नवल नव्हतं. आम्ही ती बडनेऱ्याच्या कारागिराकडे नेली. त्याने कमानी काढल्या, तापवून बाक दिला, ठोकून पुन्हा चढवल्या. जॅक काढला, आणि गाडी आमच्या देखत हळूहळू खाली बसली, थकलेला माणूस खाटेवर बसतो तशी. कारागीर खाली वाकून आला, हात पुसत म्हणाला, "कमानीत दोष नाही, काकाजी. वरतं वजन हाय."

"वर काय आहे?"

"ते तुमाले ठाऊक."

त्यानंतर वावरात रिकामी गाडी नेली तरी काळ्या मातीत चाकोऱ्या अशा खोल पडत, की मागून चालणारा माणूस त्यात गुडघा मुडपून पडावा. गावात हे दिसायला वेळ लागला नाही. आधी गंमत सुरू झाली. पारावरून जाताना कोणीतरी विचारी, "खुशालभाऊ, नाकाडी जेवली का आज?" मी हसून हात वर करी. भगवंत मात्र आता हसत नव्हता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हशा सुरू करणारा तोच होता, आणि आता माझी गाडी दिसली की तो आपल्या दाराशी खेळणाऱ्या नातवाला आत बोलावून घेई.

मग केशरबाईंची तूर आली. केशरबाई आमच्या गावातल्या, नवरा गेल्यापासून दोन एकर एकट्या वाहणाऱ्या. मुलगी माधवी अमरावतीला नर्सिंग शिकते. मोजून बोलायच्या, आणि माझ्या काट्याशिवाय कुठे तोलत नसत. त्यांची तूर मी स्वतः तोलली, स्वतः शिवली, स्वतः गजेंद्रच्या शेजारी बसून अकोल्याच्या डाळमिलला नेली. वाटेत गाडी थांबू दिली नाही. मूर्तिजापूरच्या पुढे रस्ता चांगला लागतो. तिथे मागून एक आवाज येत राहिला. आधी मला वाटलं फळी हलते. पण फळीचा आवाज खड्ड्याप्रमाणे कमीजास्त होतो. हा एकसारखा होता. सावकाश, ओला, आणि मधूनमधून थांबून पुन्हा सुरू होणारा. गजेंद्रने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मिलमध्ये तूर कमी भरली. त्या खेपेला पोतंभर नाही, बरीच.

केशरबाई दुकानात आल्या तेव्हा गिऱ्हाइकं होती. त्या थांबल्या, गर्दी कमी झाल्यावर पुढे आल्या, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "भाऊ, माह्या डोयासमोर तोललं तुमी. मी एक एक पोतं पायलं."

"केशरबाई, मी भरून देतो. माझ्या तुरीतून. आजच्या आज..."

"भरपाई नोको मले. भीक मांगाले नाही आली." त्यांनी काउंटरवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं. "मले फक्त सांगा, गेलं कुठं? काटा खोटा हाय का तुमी खोटे हा, येवढंच सांगा."

गोष्टी सांगून गिऱ्हाईक जिंकणारा माणूस मी. दुकानात रांगेने मांडलेल्या औषधांच्या बाटल्यांवरची नावं मी वाचत राहिलो. त्या निघून गेल्या. माझी तूर मी त्यांच्या दारी पाठवली, ती परत आली. पुढच्या आठवड्यात गावातला माल भाड्याच्या टेम्पोतून जाऊ लागला, आणि टेम्पोवाल्याकडे तोलायला साधा काटाही नव्हता. तरी लोकांना तो पुरला.

उन्हाळ्यात मी अचलपूरला गेलो. नाकाडी घेऊन नाही, एस. टी.ने. महादेवरावांनी तेच पाणी त्याच गडव्यातून दिलं. मी इकडचं तिकडचं बरंच बोललो. शेवटी विचारलं, "पोळ्याच्या दिवशी तुम्ही तिचं काय करत होता?"

"काही नाही. घास ठेवत होतो नाकावर. आपन जेवाच्या आंधी."

"अन् आदल्या दिवशी? आवतन?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आवतन कावून देईन? तुकडा ठेवला तं ठेवला, न ठेवला तं नाही. आवतन देल्लं का मंग हक होते. मंग पंगतीत जागा द्या लागते. तुमी देल्लं?"

मी गडव्याकडे पाहत होतो.

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"पाहुणे आले होते," मी म्हणालो. "ताडपत्री टाकली होती वरून."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. कोणाचा हक, कोणाला जागा, हे विचारायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्यासमोरचा गडवा उचलला, आत नेला, आणि पुष्कळ वेळ बाहेर आले नाहीत. आले ते दारातच उभे राहिले. "तुमची बस सुटून जाईन," म्हणाले.

घरी येऊन मी सुभद्राला पुरण घालायला सांगितलं. तिने कारण विचारलं नाही. भर दुपारी, गल्लीत कोणी नाही असं पाहून, मी केळीच्या पानावर पोळी, भात, कढी, सगळं वाढून नाकाडीच्या बॉनेटवर ठेवलं. हात जोडले. मागे भिंतीवरून भगवंतचा नातू पाहत होता. त्याला पाहून मी घाईघाईने बॉनेट पुसायचं नाटक केलं. संध्याकाळपर्यंत ते पान तसंच होतं. अंगणात एरवी भाताचं शीत सांडलं की मुंग्यांची रांग लागते. त्या पानावर एक मुंगी चढली नाही. कावळा कुंपणावर बसून होता, तोही उतरला नाही.

सुभद्रा माझ्या मागे येऊन उभी राहिली. "काहो," ती म्हणाली, "आवतन दिलेल्या पाहुण्याले कोनी उंबरठ्याबाहेर वाढते का? चोरून?"

तिने पान उचललं. "मांगच्या पोळ्याले तो पाट माह्या हातून उगाच नव्हता पडला," एवढंच म्हणून ती आत गेली.

यंदा पोळ्याच्या सकाळी मी स्वतः नाकाडी धुतली. गजेंद्रने न सांगता मदत केली, दिव्यांना शेंदूर लावला, बॉनेटला झेंडूची माळ बांधली. मी ती घराच्या अगदी समोर, दारातून दिसेल अशी उभी केली. रिकामी असून ती इतकी खाली बसली होती की मागच्या चाकांवर फळी टेकायला आली होती. गल्लीतले लोक आपापल्या दाराशी उभे होते. केशरबाईही होत्या. कोणी हसलं नाही.

किशोर साहेबांना मीच बोलावलं होतं. पाहुण्याचा मान आपण ज्याच्यासमोर घालवला, त्याच्यासमोरच भरून द्यावा लागतो, हे मला कोणी शिकवलं नाही. पण मला तसं वाटलं. साहेब गाडीला वळसा घालून आत आले. पंगत मांडलेली. एका बाजूला साहेब आणि त्यांचा मुलगा, समोर मी, आणि माझ्या शेजारी मागच्या वर्षी भिंतीला लावलेला तो पाट. त्याच्यापुढे ताट, तांब्या, रांगोळी.

"अजून कोणी यायचंय?" साहेबांनी विचारलं.

दारात गजेंद्र होता, त्याच्यामागे भगवंत, केशरबाई. मी मान खाली घातली.

"आवतन आहे," मी म्हणालो. "मागच्या वर्षी मी दिलं, अन् भंगार म्हणून झाकून ठेवलं. दारातल्या गाडीला."

साहेब मोठ्याने हसले. हसत हसत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि कोणीच हसत नाही असं दिसल्यावर त्यांचं हसू अर्ध्यातच राहिलं. सुभद्राने पहिली पोळी माझ्या शेजारच्या ताटात वाढली. वरून तुपाची धार धरली.

बाहेर लोखंड कुरकुरलं. मी मान वर केली नाही, पण दाराच्या चौकटीतून अंगणाचा तुकडा दिसत होता. नाकाडीच्या कमानी एकेक करत सुटत होत्या, बाक घेत होत्या. गाडी हळूहळू, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने, वर उठत होती. वरचं जड काहीतरी सावकाश खाली उतरत असावं तशी. मग ती हलकी, उंच, माळेसकट झुलत उभी राहिली, आणि अंगणातल्या ओल्या सारवणावर, गाडीपासून उंबरठ्यापर्यंत, एकेक दाब उमटत आला.

माझ्या शेजारचा पाट करकरला.

आम्ही जेवलो. साहेबांच्या मुलाने एकदा माझ्या शेजारी पाहिलं आणि आपलं ताट बापाच्या बाजूला सरकवलं. थोड्या वेळाने साहेब आमची रीत मोडून उठले, हात धुतले, कामाचं काहीतरी पुटपुटत गाडीत बसले आणि गेले. दारातले लोक पांगले. भगवंत गेला. केशरबाई सर्वांत शेवटी गेल्या. जाताना त्यांनी उंबरठ्याला वाकून हात लावला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. माझा हात वाळला होता, बोटांवरचं पुरण ताणत होतं. पंगतीतला शेवटचा जेवून होईपर्यंत उठायचं नाही. मी खाली मान घालून, आपल्याच ताटाकडे पाहत बसून होतो, आणि शेजारून तोच आवाज येत होता, सावकाश, ओला, मधूनमधून थांबून पुन्हा सुरू होणारा.

उन्हं उतरली तेव्हा सुभद्रा पोळ्यांची चळत घेऊन पुन्हा बाहेर आली. माझ्यापुढून गेली, शेजारच्या ताटाशी वाकली आणि वाढू लागली. तिने पदर डोक्यावरून पुढे घेतला होता.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली.